चारशे ब्याऐंशी

पहाटे साडेचार. उणे नऊ.
ट्रकचं इंजिन बंद, त्याच्या घरघरीनेही आकडे बिघडतात.
काचेवर आतून माझाच श्वास गोठतो,
तो नखाने खरवडून मी बाहेर बघते:
सेजच्या झुडपांमधला परसाएवढा उघडा तुकडा.
आमच्या शास्त्रात याला लेक म्हणतात.
नर येतात, शेपटीची टोकं उभारतात,
छातीवरच्या दोन पिवळ्या पिशव्या फुगवतात,
आणि खोल बाटलीचं बूच निघाल्यासारखं काहीतरी
वायोमिंगच्या अंधारात वाजतं.
डुबुक्. डुबुक्.

वर्ना हॅगस्ट्रॉमच्या वहीत, एप्रिल अडुसष्ट,
पेन्सिलीने: एकशे बारा.
खाली: तांबडी घोडी व्यायली. बर्फ.
आज माझ्या तक्त्यात: एकोणीस.
मग गरुडाची सावली सरकली आणि एकही नाही.
पण शून्य लिहायचं नसतं,
सकाळचा सगळ्यात मोठा आकडा तोच खरा,
असा नियम आहे.

टेकडीमागे गॅसचा कॉम्प्रेसर. चोवीस तास.
सवय झाली की ऐकू येत नाही, म्हणतात.
दोन हंगाम मी त्याचे डेसिबल मोजते आहे,
मला येतो.
त्याच कंपनीच्या पैशावर माझी पदवी, हा ट्रक,
या थर्मासमधली कॉफीसुद्धा.
वर्ना विचारते, "मग तू नक्की कुणाच्या बाजूची ग?"
मी म्हणते, आकड्यांच्या.
ती हसते, खोकते.
तिच्या कुरणात तीन विहिरी आहेत गॅसच्या,
त्यांच्या भाड्यावर नवऱ्याचं डायलिसिस.

मंगळवारी चारशे ब्याऐंशीचा सूर बदलला.
जिवंत कोंबडीचा ठोका संथ असतो,
मेलेलीचा दुप्पट घाईचा.
(हे असं उलटं कुणी ठरवलं असेल?)
अँटेना डोक्यावर धरून मी ओढ्याकाठी गेले,
तिच्या नेहमीच्या झुडपाशी.
सूर तिथे नव्हता.
सूर गावाच्या दिशेने होता, चौदा मैल.

ट्रेलरच्या वस्तीत, शेवटच्या ओळीत,
पायरीवर निळा आइसबॉक्स.
एलिसेओ बाका, रात्रपाळीचा वेल्डर,
झोपेतून उठलेला, हनुवटीखाली ठिणग्यांचे डाग.
"गळ्यात पट्टा होता," तो म्हणाला,
"वाटलं, कुणाची तरी असेल."
वळणावर, दिव्यांच्या झोतात, ब्रेक लागेपर्यंत...
साडेतीनला फोन कुणाला करायचा?
त्याने तिला टॉवेलात गुंडाळलं होतं.
टॉवेलवर केशरी मासे. त्याच्या लेकीचा.

पायरीवरच मी तिचं वजन केलं, पंख मोजला,
पोट चाचपलं.
बोटांखाली कवच लागलं, अगदी तयार.
ते मी त्याला सांगितलं नाही.
तक्त्यात कारणाचे पाच रकाने:
कोल्हा, गरुड, कुंपण, वाहन, अज्ञात.
माझं पेन कुठे थांबलं ते त्याने पाहिलं.
"वाहन काय," म्हणाला, "माझं नाव लिही."

नावाला रकाना नाही, मी म्हटलं.
आणि म्हणताना ऐकू आलं
मी काय म्हणते आहे ते.
या खोऱ्यात चारशे विहिरी, सहाशे मैल रस्ते,
आणि कुठल्याही कागदावर एकाही माणसाने
असं मागितलेलं मला आठवत नाही.

पट्ट्याला चुंबक लावला. घाई थांबली.
बॅटरी अजून अकरा महिने पुरेल,
पुढच्या आठवड्यात हाच आकडा
दुसऱ्या कुणाच्या गळ्यात असेल.

वाहन, असंच लिहिलं मी.
शेऱ्यात मात्र, जिथे कुणी वाचत नाही:
ए. बाकाने ठेवून दिली होती. टॉवेलासह.

बुधवार. एकवीस.
वाऱ्याची दिशा फिरली होती,
कॉम्प्रेसर थोडा कमी ऐकू येत होता.
बर्फ.